चतुःसीमा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सोसायटीतल्या दुचाकींच्या आरशांवर पायमोजे चढतात. कुणी जुनी पिशवी बांधतं, कुणी हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप अडकवतं. तळमजल्यावरच्या काकूंनी एक वर्ष नातवाची माकडटोपी चढवली होती. नवा माणूस आला की विचारतो, हा काय प्रकार? मग वॉचमनकाका खुर्ची पुढे ओढून सांगायला बसतात. "एक काळा-पांढरा पक्षी हाय. त्याला आरशात दुसरा दिसतो. दिसला की उठला भांडायला. चोची मारून मारून आरसा घाण करतो, वर शिटून जातो."

तो पक्षी म्हणजे दयाळ. नर काळाभोर, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी कायम उभी. मादीची ठेवण तीच, पण काळ्याच्या जागी राखाडी. तीच साडी वीस वेळा धुतल्यासारखी. हिवाळाभर हा पक्षी असून नसल्यासारखा असतो. कुंड्यांमागे, झुडपांखाली पालापाचोळा उलटत फिरतो, फार तर एखादी चिडकी चर्र ऐकू येते. उन्हाळ्याची चाहूल लागली की मात्र त्याला कंठ फुटतो. अजून दूधवाला आलेला नसतो, तेव्हा पाण्याच्या टाकीवर किंवा एखाद्या अँटेनावर बसून तो गायला लागतो आणि गातच राहतो. पुण्यात हे गाणं ऐकून जाग येणं ही मी अजून चैन समजते. आरशांशी भांडण सुरू होतं तेही याच दिवसांत. गाणं आणि भांडण वेगवेगळी नाहीत. दोन्ही हद्दीसाठीच.

एका रविवारी मी चहा घेऊन पार्किंगमध्ये बसून हे भांडण नीट पाहिलं. दयाळ आधी आरशाच्या दांडीवर बसतो, छाती फुगवतो, चोच आभाळाकडे करतो, शेपटी पसरतो. असं केलं की शेजारचा दयाळ बहुतेक वेळा मागे सरतो. आरशातला सरत नाही. तोही छाती फुगवतो, तोही चोच वर करतो, आणि मग आमच्या दयाळाचा संयम सुटतो. डेव्हिड लॅक नावाच्या इंग्रज शिक्षकाने डेव्हन परगण्यातल्या डार्टिंग्टनला शाळेत शिकवता शिकवता तिथल्या रॉबिन पक्ष्यांचा अभ्यास केला. १९४३ साली त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. त्याने पेंढा भरलेला रॉबिन दुसऱ्याच्या हद्दीत ठेवला, तर मालक त्यावर तुटून पडला. पुढे त्याने अख्खा पक्षीही ठेवला नाही. छातीवरच्या लाल पिसांचा नुसता झुबका तारेवर बांधला. मालक त्याच्यावरही धावून गेला. लाल छाती अजून न आलेलं पेंढा भरलेलं पिल्लू मात्र त्याला फारसं खुपलं नाही. म्हणजे भांडायला समोर पक्षी असावाच लागतो असं नाही, खूण पुरते. आमच्या पार्किंगमध्ये माणसांना एकमेकांच्या नंबरप्लेट पुरतात.

त्या वर्षापासून मी एक वही केली. शंभर पानी, शाळेची. सकाळी गच्चीवर जायचं, कोणता दयाळ कुठे बसून गातो ते टिपायचं, आणि दोन दयाळ कुठे समोरासमोर येतात ती जागा फुलीने दाखवायची. महिनाभरात फुल्या ओळीने उभ्या राहिल्या. आमच्या दयाळाची जागा कुठे संपते ते कागदावर दिसायला लागलं. ती सोसायटीच्या भिंतीवर संपत नव्हती. उत्तरेला दुसऱ्या सोसायटीच्या अर्ध्या बागेपर्यंत जात होती, पूर्वेला मात्र आमच्याच आवारातला शेवगा ओलांडत नव्हती. शेवगा आमचा, पण दयाळांच्या हिशेबात तो शेजारच्या बंगल्यात मोडत होता.

नकाशा झाला, आता त्याला शब्द हवे होते. ते मला आप्पांकडून, म्हणजे वडिलांकडून, आधीच मिळाले होते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आप्पांच्या लोखंडी पेटीत खरेदीखतं, फेरफार, सातबारा यांची चळत असायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बाहेर काढून पुसून परत ठेवणं हे माझं काम होतं. आप्पा मला त्यातून मोठ्याने वाचायला लावायचे. मी 'क्षेत्र' शोधायला जायची, किती हेक्टर, किती आर. ते म्हणायचे, "क्षेत्र नंतर. आधी चतुःसीमा वाच." मग मी वाचायची: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस तमक्याचा गट, उत्तरेस गाडीवाट. त्या वयात मला याची गंमत वाटायची. एवढ्या मोठ्या स्टॅम्पपेपरावर आपल्या जमिनीबद्दल असं काहीच नाही. माती कशी, विहिरीला पाणी किती, आंबा कुठे, काही नाही. नुसती शेजाऱ्यांची नावं. आपण कुठे आहोत ते आपल्या बाजूला कोण आहे यावरून ठरतं.

तेव्हा मी वहीत आमच्या दयाळाचं खरेदीखत लिहिलं. पूर्वेस बंगल्यातला, म्हणजे 'आंबेवाला'. पश्चिमेस रस्ता, रस्त्यापलीकडे 'गुलमोहरवाला'. उत्तरेस 'टाकीवाला'. दक्षिणेस शाळेचं उघडं मैदान, तिथे कुणीच नाही, कारण दयाळाला सावलीची, पाल्याची जागा लागते. येणेप्रमाणे चतुःसीमा.

पक्ष्यांच्या हद्दीवर पहिलं मोठं लेखन केलं ते एलियट हॉवर्ड या इंग्रजाने, १९२० साली. तो पोलादी नळ्यांच्या धंद्यातला माणूस. व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हता. कामावर जायच्या आधी पहाटे घराजवळच्या माळावर आणि पाणथळीत उभा राहून वटवट्यांसारखे छोटे पक्षी बघायचा. त्याआधी सर्वसाधारण समज असा, की वसंतात नर भांडतात ते मादीसाठी. हॉवर्डच्या लक्षात आलं की नर मादी यायच्या कितीतरी आधी येतात आणि त्या नसतानाच एकमेकांशी भांडतात. भांडण जागेचं असतं. मादी नंतर येते, आणि जागेसकट नराचा विचार करते. हे वाचलं तेव्हा मला आमच्या नात्यातली निम्मी स्थळं आठवली. "मुलगा काय करतो" याच्या आधी "पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का" हा प्रश्न यायचा.

मग हद्दीबाहेर जे राहतात त्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात मिळालं. तिथे ग्रेट टिट नावाचा पक्षी आहे, आपल्याकडच्या राखी वल्गुलीचा भाऊबंद. जॉन क्रेब्ज या तरुण संशोधकाने १९६९च्या मार्चमध्ये जंगलाच्या एका तुकड्यातून त्याच्या सहा जोड्या काढून टाकल्या. काढून टाकल्या म्हणजे मारल्या. त्या काळचं शास्त्र असंच होतं, आणि मला ते वाचताना दर वेळी थोडं अडखळायला होतं. तीन दिवसांत त्या रिकाम्या जागेत चार नव्या जोड्या येऊन बसल्या. उरलेली जागा जुन्या शेजाऱ्यांनी आपल्या हद्दी फुगवून ताब्यात घेतली. जंगल पुन्हा गोधडीसारखं तुकड्याला तुकडा लागून भरून गेलं.

त्या चार जोड्या आल्या कुठून? जंगलाबाहेरच्या शेतांच्या कुंपणांतून. तिथे त्यांचं बरं चाललं होतं असं नाही. कुंपणात पिल्लं कमी वाचतात. पण जंगलात जागा नव्हती म्हणून ते कुंपणात राहत होते. कुंपण त्यांनी निवडलं नव्हतं, ते त्यांच्या वाट्याला आलं होतं. आणि कान सतत जंगलाकडे लावलेले, कारण एक आवाज बंद झाला की तीन दिवसांत हलायचं होतं.

हे कळल्यावर पक्षी बघायची माझी रीतच थोडी बदलली. पूर्वी मी एखाद्या पडीक जागेवर बरेच पक्षी दिसले की वहीत लिहायची, 'उत्तम अधिवास'. आता तसं लिहायला हात कचरतो. चांगल्या जागी दांडगे मालक मोठमोठे तुकडे अडवून बसतात, त्यामुळे तिथे डोकी कमी दिसतात. हुसकलेले, नवखे, पहिल्या वर्षाचे पक्षी हलक्या जागी दाटीने गोळा होतात. नुसती डोकी मोजणाऱ्याला हलकी जागाच भारी वाटणार. चाळीत माणसं जास्त आणि बंगल्यात कमी, यावरून चाळीत राहणं सोयीचं असा निष्कर्ष कुणी काढत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र आपण सर्रास काढतो.

क्रेब्जने पुढे आणखी एक खेळ केला. पुन्हा मालक काढून टाकले, पण या वेळी काही रिकाम्या हद्दींत लाउडस्पीकर लावले. काहींतून ग्रेट टिटचं गाणं वाजत होतं, एका ठिकाणी पिपाणीचे दोन सूर वाजत होते, आणि काही जागा अगदी गप्प. पिपाणीला कुणी भीक घातली नाही. त्या आणि गप्प जागा आधी भरल्या. गाणं वाजणाऱ्या जागेपासून पक्षी बराच वेळ लांब राहिले. घराला कडी नाही, कुलूप नाही, मालकही नाही, नुसता आवाज होता.

लाउडस्पीकरवरून आठवलं ते सांगून टाकते. मीही एकदा हा उद्योग केला आहे. एका पहाटे आमचा दयाळ दिसेना, म्हणून मी मोबाइलवर दयाळाचं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात तो माझ्या डोक्यावरून असा गेला की मी मान खाली घातली. फोटो झकास आले. मी मोबाइल बंद केला, खाली गेले, डबा भरला, ऑफिसच्या तयारीला लागले. आणि तो अजून गच्चीच्या कठड्यावर इकडून तिकडे धावत, गळा फाडून, नसलेल्या माणसाला हाकलत होता. चांगला तासभर. त्या तासात त्याने एक किडा टिपला नसेल. तो फोटो मी कुठेही टाकला नाही.

दोन वर्षांपूर्वी पूर्वेचा बंगला पुनर्विकासाला गेला. बंगल्यात जुना आंबा, दोन फणस, एक बकुळ. आपल्या राज्यात शहरांतल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, त्याप्रमाणे एक दिवस झाडांवर नोटिसा चिकटल्या आणि हरकती मागवल्या गेल्या. मी हरकत लिहिली. वही घेऊन सुनावणीला गेले. समोरच्या साहेबांनी नकाशा कौतुकाने पाहिला, "छान छंद आहे मॅडम" म्हणाले, आणि मग तेच वाक्य, जे मी त्याआधी बिल्डरच्या माणसाकडून, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून आणि घरच्यांकडूनही ऐकलं होतं: "अहो, पक्षी काय, दुसऱ्या झाडावर जातील."

दुसऱ्या झाडावर कोण बसलंय ते माझ्या हातातल्या वहीत लिहिलेलं होतं. उत्तरेस टाकीवाला, पश्चिमेस गुलमोहरवाला, मधे आमचा. एकही झाड रिकामं नव्हतं. माणसाला झाड दिसतं, फांद्या मोकळ्या दिसतात, तो म्हणतो जागा आहे. वाड्यातल्या प्रत्येक खोलीत भाडेकरू भरलेले असताना अंगण मोकळं आहे म्हणून जागा आहे म्हणण्यासारखं ते आहे. मला तिथे हे काही नीट मांडता आलं नाही. मी 'इकॉलॉजी' असा काहीतरी शब्द वापरला आणि माझी मीच पडले.

आंबा मार्चच्या मध्यावर पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे आंबेवाला आमच्या शेवग्यावर होता, तिसऱ्या दिवशी आमच्या लिंबावर. पुढचे नऊ दिवस आमच्या आवारात जे चाललं त्याला भांडण म्हणणं कमी आहे. दोघे एकमेकांच्या पायांत पाय अडकवून जमिनीवर लोळत. एकदा वॉचमनकाकांनी त्यांच्यावर पाणी टाकून सोडवलं, कुत्री सोडवतात तसं. दहाव्या दिवशी शांतता झाली आणि अकराव्या दिवशी पहाटे आमच्या टाकीवर गाणं सुरू झालं. मी अंथरुणातच हुश्श केलं. मग गाणं संपताना शिट्टी वर नेऊन मधेच तोडली गेली, आणि मी उठून बसले. ती तोड आमच्या दयाळाची नव्हती. आंबेवाल्याची होती.

सकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. "बघा, तुम्ही उगाच काळजी करत होता. पक्षी आहेच की." पक्षी होता, खरं आहे. एक होता. पूर्वी दोन होते.

आमच्या जुन्या दयाळाचं काय झालं ते कळलं नाही. मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांपाशी एक नर मी बरेच दिवस पाहत होते. शेपटीचं एक पीस तुटलेलं, तोंडातून आवाज नाही. तोच असेल असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. इंग्रजीत अशा बिनहद्दीच्या पक्ष्यांना तरंगणारे म्हणतात. मला आपला 'उपरा' हा शब्द जास्त बरोबर वाटतो. ते गात नाहीत, कारण गाणं म्हणजे दावा, आणि दाव्याला लगेच हरकत येते.

गावी गेले तेव्हा आप्पांना हे सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांची स्वतःची अर्धी हयात एका बांधात गेली आहे. त्यांचे चुलतभाऊ, आमचे बापूकाका, दर नांगरटीला बांध वीतभर कोरायचे. निदान आप्पांचं म्हणणं तसं. बापूकाकांचं म्हणणं नेमकं उलटं. मोजणी आणली, खुणेचे दगड रोवले, दगड हलले, पुन्हा मोजणी आणली. दोघे एकमेकांशी बोलत नसत. पण आप्पा अंगणात बसल्या बसल्या सांगायचे, "बापू आला शेतावर, खोकला ऐकू आला." रात्री बापूकाकांची मोटर वेळेवर बंद झाली नाही तर आप्पाच कुणाला तरी बघायला पाठवायचे. भांडण होतं, पण ते कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते दोघांना पाठ होतं.

मग बापूकाका गेले, मुलांनी जमीन बाहेरच्या माणसाला विकली. नव्या मालकाने बांधाला हातही लावला नाही. तारेचं कुंपण घातलं, तेही मोजून आपल्या हद्दीत. तरी आप्पांची झोप उडाली. गेलं वर्षभर ते दिवसातून दोनदा बांधावर जाऊन येतात.

पक्ष्यांत हे असंच असतं, आणि त्याला एक सुरेख नाव आहे: 'लाडका वैरी'. १९५४ साली जेम्स फिशर या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने ते दिलं. जुना शेजारी आपल्या ठरलेल्या जागी गात असेल तर मालक फारसा उठत नाही; तोच आवाज अनोळखी असेल तर लगेच धावतो. कॅनडात ब्रूस फॉल्स यांनी १९७०च्या दशकात पांढऱ्या गळ्याच्या चिमण्यांवर याची कसून परीक्षा घेतली. शेजाऱ्याचं ध्वनिमुद्रण त्याच्या बाजूच्या हद्दीवरून वाजवलं, तर मालक जेमतेम मान वळवायचा. तेच ध्वनिमुद्रण उचलून विरुद्ध बाजूच्या हद्दीवर नेऊन वाजवलं, की परक्यावर उठावं तसा उठायचा. म्हणजे त्याला नुसता आवाज पाठ नसतो, कुठल्या दिशेला कुणाचा आवाज हेही पाठ असतं. पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापूचा खोकला उत्तरेकडून यायचा."

आप्पांच्या त्या लोखंडी पेटीतल्या कागदांत एक कागद माझाही आहे, हक्कसोडपत्र. भावासाठी मी सही केली, कुणी जबरदस्ती केली नाही, पेढे वाटले. सही करून बाहेर आल्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर उभी असताना मला एकदम आठवलं, पक्ष्यांमध्येही बहुतेक जातींत मुलगे जन्मलेल्या जागेच्या आसपास हद्द धरतात आणि मुली लांब जातात. तेव्हा हे आठवून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही. लॅकच्या रॉबिनमध्ये एक गोष्ट मात्र वेगळी आहे. वसंतात मादी नराच्या हद्दीत राहते, पण शरद ऋतू आला की कित्येक माद्या स्वतंत्र हद्द धरतात, आणि ती राखायला नरासारख्याच गातात. हिवाळ्यापुरतं का होईना, सातबारा स्वतःच्या नावावर.

जागा भरलेल्या असल्या की घरची गणितंही बदलतात. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांपैकी कझिन नावाचं एक चिमुकलं बेट आहे. सेशेल्सचा वटवट्या एके काळी जगात फक्त तिथेच, तीसेक उरला होता. बेट राखीव झालं, नारळाची लागवड हटवून जुनं रान वाढू दिलं, पक्षी वाढले, आणि बेट भरलं. मग मोठी झालेली मुलं, त्यातही जास्त करून मुली, आईवडिलांपाशीच राहून धाकट्या भावंडांना भरवायला लागल्या. १९८८ साली यान कोमडूर यांनी त्यातले २९ पक्षी शेजारच्या अरिड बेटावर नेऊन सोडले. कझिनवर मोकळ्या झालेल्या जागा घरी राहणाऱ्या मुलांनी भराभर धरल्या. पण ज्यांच्या आईवडिलांची जागा उत्तम होती ती मुलं हलक्या जागेकडे फिरकली नाहीत. चांगल्या घरात थांबून वाट पाहणं त्यांना परवडत होतं. आपल्याकडचे सातभाई तरी काय करतात? अख्खं कुटुंब मिळून एक हद्द राखतं, भांडायला जाताना सगळे एकदम जातात, आणि पिल्लांना काका-मावशाही भरवतात. एकत्र कुटुंबपद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी घरांचे भावही बघावेत.

इथवर वाचून वाटेल की शेजारी म्हणजे नुसती अडचण. मलाही तसंच वाटत होतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या डोंगरांत मॅथ्यू बेट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी केलेला एक प्रयोग वाचला आणि नकाशा पुन्हा उघडावा लागला. तिथे येणारा एक निळ्या पाठीचा वटवट्या दाट झुडपांचं रान पसंत करतो. बेट्स यांनी मुद्दाम उघडी, त्याला न मानवणारी राने निवडली आणि विणीचा हंगाम संपता संपता तिथे त्याच जातीचं गाणं वाजवलं. मोसम संपूनही गाणं चालू, म्हणजे इथे कुणाची तरी पिल्लं नीट वाढली असणार, असा त्याचा अर्थ पक्ष्यांनी घेतला. ते हजारो किलोमीटरवर हिवाळा काढून परतले, आणि पुढच्या वसंतात त्या नको त्या रानात येऊन बसले. झाडं बघितली नाहीत, शेजार ऐकला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

शेजाऱ्याचं गाणं दोन गोष्टी एकदम सांगतं: इथे येऊ नकोस, आणि इथे जगता येतं. पहिली गोष्ट हद्दीपाशी ऐकू येते, दुसरी लांबून. आप्पा जमीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला सांगायचे, "शेजार बघ, मग जमीन बघ." मला तो भांडण टाळायचा सल्ला वाटायचा. त्यात हेही असावं, की ज्याच्या चारी बाजूंना कुणी नाही ती जमीन का पडून आहे, हे आधी विचार.

काही शेजार तर मुद्दाम शोधावे असे असतात. कोतवाल हे नाव आपल्या लोकांनी उगाच दिलेलं नाही. तो घरट्याजवळून कावळ्याला, घारीला, शिक्र्याला टोचून टोचून हाकलतो. म्हणून हळद्या, बुलबुल, होले यांची घरटी त्याच झाडावर किंवा शेजारी सापडतात. पोलीस चौकीजवळ खोली घेतल्यासारखं. याच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातला नॉइझी मायनर. नावात मैनेचा भास आहे, पण मैनेशी नातं नाही. जंगल तोडून विरळ झालं की याची टोळी उरलेली झाडं बळकावते आणि सगळ्या लहान पक्ष्यांना हाकलते. आपलं खाणं खाणारे असोत वा नसोत. २०१४ मध्ये तिथल्या सरकारने त्याच्या या दांडगाईची नोंद वन्यजीवांना असलेल्या मोठ्या धोक्यांच्या यादीत केली. पण रान विरळ केलं कुणी, हे त्या यादीतल्या पक्ष्याला विचारून उपयोग नाही.

आणि सुगरण? ती या सगळ्यातून अंग काढून बसलेली. काटेरी बाभळीवर, विहिरीवर वीस-तीस घरटी लोंबतात, प्रत्येक नर आपल्या घरट्यापुरता भांडतो, खायला सगळे मिळून शिवारात जातात. सलीम अलींनी १९३०च्या सुमाराला अलिबागजवळच्या किहीमला या वस्तीचा संसार उलगडून दाखवला: नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि तो लगेच दुसरं विणायला घेतो. दाणे शिवारभर पसरलेले असतात, ते राखायचे कसे? राखता येत नाही त्यावर कुणी भांडत बसत नाही. किडे मात्र बागेतल्या एका कोपऱ्यात रोज मिळतात, म्हणून दयाळ कोपरा राखतो.

यंदा पूर्वेची इमारत सातव्या मजल्यापर्यंत आली आहे. माझ्या वहीत आंबेवाल्याचं नाव बदलून मी नुसतं 'आमचा' केलं. दोन वर्षं राहतोय, आता काय. गुलमोहरवाला आहे, टाकीवाला आहे. पूर्वेच्या रकान्यात पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढलेली होती. आमच्या फ्लॅटच्या खरेदीखतात अजून 'पूर्वेस: लगतचा बंगला' असंच आहे, ते आता कोण बदलणार.

गेल्या बुधवारी साडेपाचला गच्चीवर गेले. टाकीवरून आमचा सुरू झाला, शिट्टी वर, तोड. उत्तरेकडून उत्तर आलं. रस्त्यापलीकडून आलं. मग तो एकदम गप्प झाला. मी वर पाहिलं तर मान पूर्वेकडे वळलेली. स्लॅबच्या वर निघालेल्या गंजक्या सळ्यांवर, बांबूच्या परांचीच्याही वर, अंधारात एक ठिपका होता आणि त्याची शेपटी उभी होती. कोवळा असावा, चाल अजून बसलेली नव्हती. अडखळत चार सूर म्हटले, थांबला, पुन्हा म्हटले. खाली ना झाड, ना झुडूप, सिमेंटची पोती नि वाळूचा ढीग.

आमचा टाकीवरून उडाला तो थेट शेवग्याच्या शेंड्यावर, हद्दीच्या टोकाला. छाती फुगवली. चोच वर केली.

मी पेन्सिल शोधायला खाली गेले.